सायकॉलॉजी करायचीय? मग आधी बघा, तुमचं काम तपासणार कोण

बारावीचा निकाल लागला की लातूर-नांदेडच्या बाजूला घराघरांत एकच विषय असतो, नीटला किती पडले. अशा घरात एखादी पोरगी म्हणाली की मला सायकॉलॉजी करायचीय, तर वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘त्याला क्लास कुठला लावायचा?’ आणि दुसरा: ‘म्हणजे तू येड्यांची डॉक्टर होणार का?’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे, क्लास लागत नाही. दुसऱ्याला जरा वेळ लागतो, आणि ते वेळेवर न कळल्यानं कित्येक मुलं एम.ए. होईपर्यंत भलत्याच वाटेची तयारी करत बसतात.

मानसिक आजारावर औषध लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट. तो आधी एम.बी.बी.एस. होतो आणि मग या विषयात एम.डी. किंवा डी.एन.बी. करतो. तिकडं जायचं तर नीटला पर्याय नाही. सायकॉलॉजिस्टचा रस्ता वेगळा. त्याला औषध लिहिता येत नाही. तो माणसाशी बोलून, निरीक्षण करून, चाचण्या घेऊन अडचण काय आहे ते शोधतो आणि बोलण्या-वागण्याच्या पद्धतशीर उपचारांनी ती हलकी करतो. हा रस्ता बारावीच्या कुठल्याही शाखेतून सुरू होतो. कला शाखेच्या मुलाला इथं कुणी हसत नाही.

पण सायकॉलॉजिस्टमध्येही दोन जाती पडतात आणि त्यातला फरक कायद्यानं ठरवलेला आहे. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ ही पाटी कुणीही उठून लावू शकत नाही. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार त्यासाठी परिषदेकडं, म्हणजे आर.सी.आय.कडं, नोंदणी लागते. नोंदणीशिवाय हे काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा लिहिलेली आहे. दंडाचा आकडा १९९२ सालचाच राहिलाय, त्यामुळं त्याची भीती कुणाला वाटत नाही, पण कायदा तोच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचं याची व्याख्या आहे, आणि तिचं बोटही पुनर्वास परिषदेच्या मान्यतेकडंच जातं.

समुपदेशकाचं, म्हणजे काउन्सेलरचं मात्र आजवर मोकळं रान होतं. एम.ए. झालेला काउन्सेलर, डिप्लोमा झालेला काउन्सेलर आणि रविवारच्या कार्यशाळेतून प्रमाणपत्र घेऊन आलेलाही काउन्सेलरच. २०२१ मध्ये संबद्ध आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्यात क्लिनिकल सोडून बाकीचे सायकॉलॉजिस्ट आणि वर्तन-आरोग्य क्षेत्रातले काउन्सेलर यांची नोंदणी करण्याची तरतूद आहे. म्हणजे पुढच्या काळात पाटीमागची पदवी विचारली जाणार. आज बी.ए.ला असलेल्या मुलांनी हे धरूनच चालावं.

बी.ए. ते नोंदणी

तीन किंवा चार वर्षांची पदवी, मग एम.ए. किंवा एम.एस्सी., आणि क्लिनिकलला जायचं तर त्यानंतर परिषदेनं मान्य केलेलं दोन वर्षांचं पूर्णवेळ प्रशिक्षण. एकूण सात-आठ वर्षं. डॉक्टर व्हायला जेवढी लागतात त्याहून फार कमी नाहीत. ‘बी.ए. झाली की दवाखाना टाकू’ असं ज्यांच्या मनात आहे त्यांना हा हिशेब आधीच सांगितलेला बरा.

पदवीसाठी मराठवाड्याबाहेर जायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ पासून आहे. संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिवची कॉलेजं त्याच्याकडं. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ चं, त्याच्याकडं नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली. तालुक्याच्या कॉलेजातही बी.ए.ला मानसशास्त्र मिळतं. तिथं खरी उणीव जाणवते ती प्रॅक्टिकलची. आरशात बघून तारा गिरवायचा, म्युलर-लायरच्या दोन रेघांतली लांब कुठली ते सांगायचं, निरर्थक शब्द पाठ करायचे, असे प्रयोग अभ्यासक्रमात असतात. ते खरोखर दुसऱ्या माणसावर करायचे, वेळ मोजायची, चुका मोजायच्या. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी सीनियरचं जर्नल आणून आकडे इकडचे तिकडं करून उतरवलं जातं आणि त्यावर सही होते. मार्क मिळतात, पण समोरच्या माणसाला सूचना कशी द्यायची, त्याला कंटाळा आला हे कसं ओळखायचं, त्याची चूक होताना आपला चेहरा कसा ठेवायचा, हे शिकायचं राहून जातं. पुढं बुद्धिमापन करताना नेमकं हेच लागतं. त्यामुळं कॉलेजात कुणी करून घेवो न घेवो, प्रयोग स्वतः करा. मावसभावाला बसवा, शेजारच्या काकूंना बसवा.

दुसरी गोष्ट संख्याशास्त्राची. आर्ट्सला आलो म्हणजे गणित सुटलं असं समजून आलेल्यांना एम.ए.त धक्का बसतो. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध हे समजल्याशिवाय कुठल्याही चाचणीचा गुण वाचता येत नाही.

तिसरी भाषेची. एम.ए. मराठीतून करता येतं आणि करावंही, कारण पेशंट मराठीतच बोलणार आहे. पण चांगल्या संस्थांच्या प्रवेश परीक्षा इंग्रजीत असतात आणि इंग्रजी पुस्तकावरच बेतलेल्या असतात. मराठीतून शिकलेलं एकेक प्रकरण इंग्रजी पुस्तकातून पुन्हा वाचायची सवय बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापासून लावली तर एम.ए.च्या शेवटी धावाधाव होत नाही.

एम.ए.नंतरचं नोंदणीपात्र प्रशिक्षण म्हणजे आजवर एम.फिल. क्लिनिकल सायकॉलॉजी. प्रवेशाला साधारण ५५ टक्के गुण आणि प्रवेश परीक्षा. बंगळुरूचं निम्हान्स, रांचीची सी.आय.पी. आणि रिनपास, तेजपूरची मानसिक आरोग्य संस्था ही यातल्या सरकारी संस्थांची जुनी नावं. महाराष्ट्रात पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था आहे. जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ, त्यामुळं पहिल्याच झटक्यात नंबर लागला नाही तर त्यात विशेष काही नाही. काही सरकारी संस्थांत विद्यावेतन मिळतं. खासगीत उलट मोठी फी भरावी लागते. घर शेतीवर चालत असेल तर हा फरक आधी बघा, संस्थेचं नाव नंतर.

सध्या इथं सगळंच हललेलं आहे. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. ही पदवीच बंद झाली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि मनोविकार समाजकार्य एवढ्या दोन विषयांपुरती विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. दरम्यान पुनर्वास परिषदेनं चार वर्षांची बी.एस्सी. ऑनर्स, क्लिनिकल सायकॉलॉजीचं एम.ए. आणि साय.डी. ही डॉक्टरेट असे नवे अभ्यासक्रम आणले. त्यामुळं सीनियर ताईनं २०२१ साली जे केलं ते तुम्हाला तसंच करता येईल असं धरू नका. प्रवेश घ्यायच्या आठवड्यात परिषदेच्या संकेतस्थळावर जा, मान्य संस्थांची यादी उघडा, आपली संस्था, आपला अभ्यासक्रम आणि आपलं वर्ष, तिन्ही एका ओळीत दिसतात का ते बघा. ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ असं प्रवेश खिडकीवरचा माणूस म्हणाला तर त्याचा अर्थ मान्यता नाही.

आणखी एक बदल गावाकडच्या मुलांना जास्त लागला. नोकरी किंवा शेती सांभाळत दूरस्थ पद्धतीनं मानसशास्त्रात एम.ए. करणारे आपल्याकडं खूप होते, विशेषतः शिक्षक आणि लग्न झालेल्या मुली. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्रासह काही आरोग्यविषयांना दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं नवे प्रवेश देऊ नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं ठरवलं. निर्णय कडू आहे. पण त्यामागचं कारण मला पटतं, कारण या विषयातलं अर्धं शिक्षण पुस्तकात नाहीच.

अनुभव म्हणजे नेमकं काय

उरलेलं अर्धं शिक्षण म्हणजे देखरेखीखाली केलेलं काम. सगळे त्याला सुपरव्हिजन म्हणतात. आपल्याकडं पोरं विहिरीत पोहायला शिकतात तेव्हा कमरेला डबा बांधलेला असतो आणि पोहता येणारं कुणीतरी काठावर उभं असतं. पाण्यात हातपाय आपणच मारायचे असतात, पण लक्ष काठावरच्याचं असतं. सुपरव्हायझर हा काठावरचा माणूस. तो नसेल तर तुम्ही दोनशे लोकांशी बोललात काय आणि दोन हजारांशी काय, एकच चूक पक्की होत जाते.

हे कसं चालतं ते जवळून बघू. समजा, मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत गेवराईकडची चाळिशीतली एक बाई आली आहे. डोकं दुखतं म्हणून आधी मेडिसिनला दाखवलं, सी.टी. स्कॅन झालं, त्यात काही निघालं नाही, तिथून इकडं पाठवली. तुमच्या सरांनी किंवा मॅडमनी तुम्हाला हिस्टरी, म्हणजे तिच्या त्रासाची सगळी हकीकत, घ्यायला बसवलंय. अर्ध्या तासानं तुम्ही कागद दाखवता. त्यावर लिहिलेलं असतं: ‘रुग्ण गेल्या काही दिवसांपासून तणावात आहे.’

मॅडम ती ओळ खोडतात.

‘तणाव हा शब्द कुणाचा, तिचा की तुझा?’

‘माझा.’

‘ती काय म्हणाली?’

‘डोक्यात मुंग्या येतात. जीव घाबरा होतो. भाकरी थापताना हात थांबतात.’

‘मग तेच लिही. काही दिवस म्हणजे किती?’

तुम्ही परत जाता आणि विचारता. तारीख कुणीच सांगत नाही. ‘मागच्या पोळ्याला बरी होते, दसऱ्यापासून सुरू झालं’ असं उत्तर येतं. इकडं काळ सणावारानं आणि पेरणी-काढणीनं मोजतात, आणि हिस्टरी घेणाऱ्याला ते महिन्यांत बसवता आलं पाहिजे. मॅडम पुढं विचारतात: झोप किती वाजता लागते, कितीला मोडते? मोडल्यावर परत लागते का? भूक? वजन? हे सगळं तीच सांगते की सोबतची जाऊ सांगते? दोघींचं जुळतं का? घरात आणखी कुणाला असं झालं होतं? मरणाचे विचार विचारलेस का?

शेवटचा प्रश्न बहुतेक नव्या मुलांनी विचारलेला नसतो. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरेल अशी भीती असते. तसं होत नाही. नीट, सरळ शब्दांत विचारलं तर माणूस बहुधा मोकळा होतो. ‘इतकं नकोसं वाटतं का, की जीव द्यावा असं मनात येतं?’ हे वाक्य आवाज न कापता म्हणता यायला सराव लागतो. तो आधी सहकाऱ्यासमोर करायचा, मग सुपरव्हायझर शेजारी असताना, मग एकट्यानं. उत्तर ‘हो’ आलं तर पुढचा प्रश्न काय, घरच्यांना काय सांगायचं, घरातलं फवारणीचं औषध कुणाच्या ताब्यात द्यायला लावायचं, हे सगळं ठरलेलं असतं आणि ते कुणीतरी शिकवावं लागतं. मराठवाड्यात शेवटची बाब वरवरची नाही. कीटकनाशकाचा डबा हाताशी असणं हाच इथं अनेकदा जगण्या-मरण्यातला फरक असतो.

एक हिस्टरी अशी चार वेळा खोडली जाते. मुख्य तक्रार पेशंटच्या शब्दांत, मग आजाराचा इतिहास, पूर्वीचे आजार, कुटुंब, बालपण-शाळा-लग्न-काम, आजारापूर्वीचा स्वभाव, आणि शेवटी मनःस्थितीची तपासणी: पेहराव, बोलण्याची गती, भावना, विचारांचा प्रवाह, भास, स्मृती, आपल्याला काही झालंय याची जाण. साचा सगळ्या देशात साधारण हाच आहे. तो पाठ करायला एक संध्याकाळ पुरते, भरायला शिकण्यात वर्ष जातं.

‘बाहेरचं’ हा शब्द तर रोज ऐकू येईल. करणी केली, दर्ग्याला नेलं, अमक्या देवीला नेलं, मग इथं आणलं. नवी मुलं इथं दोन चुका करतात. एक, अंधश्रद्धेवर भाषण देतात. दोन, ते लिहीतच नाहीत. खरं तर ते हिस्टरीत तारखेसह यायला हवं, कारण त्यावरून आजार केव्हा दिसू लागला आणि उपचाराला किती उशीर झाला ते कळतं. घरच्यांना आपण हसलो तर ती माणसं पुढच्या तारखेला येत नाहीत. साखळीनं बांधलंय, मारलंय असं दिसलं तर ती वेगळी गोष्ट. ते लगेच वरिष्ठांच्या कानावर घालायचं.

गुप्ततेचंही असंच. पुस्तकात ती दोन ओळींत येते. परभणी किंवा हिंगोलीसारख्या गावात ती पाळताना घाम फुटतो, कारण ओपीडीच्या बाकावर बसलेला माणूस तुमच्या मामाचा वर्गमित्र निघतो आणि ‘तुम्ही कुठल्या घरचे?’ हा प्रश्न दोन्हीकडून येतो. केस वहीत लिहिताना नाव, गाव, आडनाव काहीच नको, अगदी ‘सरपंचाची सून’ सुद्धा नको. गुप्ततेला अपवादही आहेत आणि ते पेशंटला सुरुवातीलाच सांगायचे असतात: जिवाला धोका असेल तेव्हा, आणि अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळेल तेव्हा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अशी माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, इंटर्नवरही. ‘मी तर शिकाऊ आहे’ ही सबब चालत नाही.

लेकराला बुद्धी नाही असं लिहिण्याआधी

चाचण्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथं शिकाऊ माणसाच्या हातून सगळ्यात मोठं नुकसान होऊ शकतं.

आपल्याकडं मुलांसाठी वापरल्या जाणाऱ्या बुद्धिमापन कसोट्यांत बिने-कामत ही जुनी आणि मानाची. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. नागपूरच्या डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी केलेली कसोटी आणि व्हाइनलँडच्या सामाजिक परिपक्वता मापनाचं त्यांनीच केलेलं भारतीय रूप, हीही सर्रास वापरात आहेत. दिव्यांग प्रमाणपत्र, शाळेतल्या सवलती, शासकीय योजना, सगळं पुढं या आकड्यांवर चालतं.

आता समजा, बीड जिल्ह्यातलं ऊसतोड कामगारांचं नऊ वर्षांचं मूल समोर आहे. आई म्हणते, ‘लेकराला शाळेत कायबी येत नाही, सर म्हणले तपासून आणा.’ चाचणीत शब्दार्थ, सामान्य माहिती, तोंडी गणितं. मुलाचे गुण कमी पडतात. टेबलात बघितलं तर आकडा ७० च्या खाली. नवा माणूस तिथंच ‘सौम्य बौद्धिक अक्षमता’ असं लिहून मोकळा होतो.

पण दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन आईबाप निघाले की हे मूलही पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या फडावर असतं आणि थेट मार्च-एप्रिलला गावात येतं. निम्मं शाळेचं वर्ष दरसाल गेलेलं. जे शिकवलंच नाही ते विचारून बुद्धी कशी मोजणार? इथं शाळेवर अवलंबून नसलेले भाग वेगळे बघावे लागतात: ठोकळ्यांची रचना, चित्रातली उणीव, कोडी. शिवाय रोजच्या वागण्याचं मोजमाप. ते मूल बैलांना वेळेवर पाणी दाखवतं का, धाकट्या भावाला सांभाळतं का, दुकानातून सांगितलेलं सामान आणून उरलेले पैसे बरोबर परत देतं का? बौद्धिक अक्षमता ठरवायला बुद्ध्यांक आणि दैनंदिन कौशल्यं, दोन्हीत उणीव लागते, आणि ती लहानपणापासूनची लागते. एकट्या आकड्यावर निदान होत नाही. कसोटीचे निकष जुने असतील तर तेही अहवालात नमूद करायचं असतं.

हा फरक पुस्तक वाचून समजतो, पण हाताखाली वीस-पंचवीस अहवाल तपासून घेतल्याशिवाय अंगात भिनत नाही. म्हणून नोंदणीच्या प्रशिक्षणात संपूर्ण चाचणी-अहवाल, केस सादरीकरण आणि उपचाराचे तास यांचा हिशेब ठेवावा लागतो, सोबत प्रबंधही असतो.

बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धी आणि करिअर सांगणाऱ्या चाचणीचे एजंट आता तालुक्यालाही फिरतात. तिला शास्त्रीय आधार नाही. ‘पार्ट टाइम जॉब’ म्हणून तुम्हाला विचारतील. नको म्हणा.

मराठवाड्यात हे काम कुठं बघायला मिळतं

प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. जालन्याला एक मंजूर झालं आहे. ते पूर्ण चालू होईल तेव्हा इथल्या विद्यार्थ्यांचा मोठा प्रश्न सुटेल. तोवर आधार सरकारी मेडिकल कॉलेजांचा: संभाजीनगरची घाटी, नांदेडचं विष्णुपुरीचं कॉलेज, लातूर, आणि ग्रामीण भागासाठी म्हणून सुरू झालेलं अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय. या ओपीड्यांत एका सकाळी जे दिसतं ते शहरातल्या चकचकीत क्लिनिकमध्ये महिन्यात दिसत नाही.

त्याखालचा स्तर जिल्हा रुग्णालयाचा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे. त्याच्या पथकात मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, समाजकार्यकर्ता आणि परिचारिका असतात, आणि ते ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयांत जातात. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्यानं मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. त्यात आशाताई घरोघर जाऊन प्रश्नावली भरतात आणि ज्यांना त्रास जास्त दिसतो त्यांना पुढं पाठवतात. या पथकाच्या गाडीत एक दिवस बसायला मिळालं तर सोडू नका. प्रश्नावलीतलं वाक्य एक असतं आणि ओसरीवर बसून आशाताई ते विचारतात वेगळ्या शब्दांत. तो शब्दबदल बघण्यासारखा असतो.

दवाखान्याबाहेरही जागा आहेत. एच.आय.व्ही.ची एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रं, मतिमंद मुलांच्या निवासी शाळा, व्यसनमुक्ती केंद्रं, महिलांसाठीचं सखी केंद्र, बालगृहं, कौटुंबिक न्यायालयातले समुपदेशक. बी.ए.च्या मुलांनी सुरुवात विशेष शाळेतून करावी असं मी सुचवतो. तिथं उपचाराची जबाबदारी तुमच्यावर नसते आणि धीर म्हणजे काय ते पहिल्याच आठवड्यात कळतं. धाराशिव जिल्ह्यात हराळीला ज्ञान प्रबोधिनीचं केंद्र आहे, आणि याच संस्थेचा पुण्यातला मानसशास्त्र विभाग, प्रज्ञा मानस संशोधिका, समुपदेशनाचं प्रशिक्षण देतो. ठाण्याची आय.पी.एच., म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, ही १९९० पासून काम करणारी संस्थाही प्रशिक्षण देते. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र आहे. तिथं समाजकार्य शिकवतात, आणि मनोविकार समाजकार्य हीदेखील मानसिक आरोग्यातलीच एक भक्कम वाट आहे. पुष्कळांच्या स्वभावाला ती क्लिनिकलपेक्षा जास्त मानवते, पण कुणी सांगतच नाही.

ऑनलाइन इंटर्नशिपचं पेव फुटलंय. पंधरा दिवस, रोज एक तास, शेवटी रंगीत प्रमाणपत्र. त्यात पेशंट नाही, तुमचं लिखाण तपासणारं कुणी नाही. पैसे भरण्याआधी विचारा की सुपरव्हायझर कोण आहे आणि त्याचा नोंदणी क्रमांक काय. उत्तरादाखल पुन्हा माहितीपत्रकच आलं तर समजून जा.

नोकरी आणि पैसा

सरकारी पदं आहेत पण बरीचशी कंत्राटी. अकरा महिन्यांचे आदेश, मानधन उशिरा, हे गृहीत धरा. प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा सेट, आणि पुढं पीएच.डी. संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत मनुष्यबळ विभागात औद्योगिक मानसशास्त्र शिकलेल्यांना जागा मिळते. सैन्याच्या निवड मंडळांतही सायकॉलॉजिस्ट असतात.

मला सगळ्यात मोठी मागणी दिसते ती शाळा-कॉलेज-कोचिंगची. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेनं मुलांच्या मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, सायकॉलॉजिस्ट किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असं त्यात म्हटलंय, आणि कोचिंग क्लासही त्यात येतात. लातूरच्या एका गल्लीत असे किती क्लास आहेत ते लातूरकरांना सांगायला नको. आता प्रश्न एवढाच की तिथं प्रशिक्षित माणूस बसणार, की संचालकांचा भाचा दोन दिवसांचा कोर्स करून बसणार. एम.ए.नंतर लगेच क्लिनिकलला नंबर लागला नाही तर वर्ष-दीड वर्ष अशा ठिकाणी काम करणं वाईट नाही, फक्त आठवड्यातून एकदा कुणा अनुभवी माणसाकडं केसेस तपासून घ्यायची सोय आधी करून ठेवा. त्याचे पैसे द्यावे लागले तरी द्या. आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, क्रमांक टेबलावर मोठ्या अक्षरांत चिकटवा, मुलांसाठीही आणि स्वतःसाठीही. रोज दुसऱ्याचं ऐकून आपलंही डोकं भरतं. आपणही कुणाकडं तरी जाऊन बोलायचं असतं, यात लाजण्यासारखं काही नाही.

सुरुवात कशी करायची, तर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घ्या. त्यात तुमचं नाव, वर्ग, किती आठवडे, आठवड्यातले कुठले दिवस, आणि ‘केवळ निरीक्षणासाठी’ हे शब्द असू द्या. मेडिकल कॉलेजात पत्र अधिष्ठात्यांच्या नावे, जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे. दोन प्रती न्या, एकीवर आवक खिडकीचा शिक्का आणि तारीख घ्या, आणि ती घेऊन मानसोपचार विभागात जा. सकाळी दहाला जाऊ नका, तेव्हा केसपेपरची रांग दारापर्यंत आलेली असते आणि कुणाला मान वर करायला सवड नसते. दुपारी एकच्या पुढं जा, बाहेरच्या बाकावर बसा. डबा सोबत ठेवा.